बेडक्यात स्यूडोमोनास पुन्हा पुन्हा सापडतोय, आता सगळ्यात जोरदार अँटिबायोटिक द्यायचं का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे हे उत्तर कुणाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. बाबा ६१ वर्षांचे. तरुणपणी फुप्फुसाचा टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेतली. गेली काही वर्षं खोकला आणि रोज सकाळी अर्धी वाटी बेडका. वर्षातून चार-पाच वेळा बेडका घट्ट आणि हिरवा होतो, कणकण येते, जिना चढताना धाप लागते. पाच-सात दिवस अँटिबायोटिक घेतलं की बरं वाटतं आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंद होणं), बेडक्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) दोनदा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू. एक डॉक्टर म्हणाले हा जंतू आता जाणार नाही, दुसऱ्यांनी इंजेक्शनं सुचवली, आणि नातेवाईक म्हणतात टीबीच उलटलाय, एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करा. तुमचा प्रश्न: एकदाच देऊन हे प्रकरण संपेल असं सगळ्यात जोरदार अँटिबायोटिक कोणतं? आणि घरातल्या तीन वर्षांच्या मुलाला लागण होईल का?

मी छातीरोगतज्ज्ञ आहे आणि असे रुग्ण माझ्या ओपीडीत कायम असतात. आपल्याकडे टीबी बरा होतो, पण जाताना श्वासनलिकांची नासधूस करून जातो. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २१९५ ब्रॉन्किएक्टॅसिस रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्यात जास्त आढळलेलं कारण जुना टीबी होतं, सुमारे ३५ टक्के रुग्णांत, आणि कल्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा उगवलेला जंतू स्यूडोमोनासच होता. बाबांना काही तरी विचित्र झालंय असं मनात आणू नका.

आता मूळ मुद्दा. ‘हा जंतू कशाने मरेल’ या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिलात तर दर दोन महिन्यांनी आधीपेक्षा महाग औषध हाती पडेल आणि तब्येत तिथेच राहील. मी तुमच्या जागी असतो तर वेगळा प्रश्न धरला असता: बाबा वर्षातून पाच वेळा आजारी पडतात, ते एक-दोन वेळांवर कसं आणायचं? याला ठोस उत्तर आहे, आणि त्यातला मोठा वाटा औषधाचा नाही.

असं का, ते समजून घ्या. निरोगी श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू कफाला सतत घशाकडे ढकलत असतात. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये नलिका रुंद आणि वेड्यावाकड्या होतात, हे तंतू झडतात, कफ तिथेच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात. त्यांना मारायला पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांच्या स्रावांनी जंतूंबरोबर नलिकेची भिंतही खाल्ली जाते. नलिका आणखी रुंद, कफ आणखी साचतो. पीटर कोल यांनी १९८६ मध्ये हे दुष्टचक्र मांडलं आणि आजही उपचारांची दिशा त्यावरूनच ठरते. स्यूडोमोनास या जागेत मुरतो कारण तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी आतले बरेच जंतू सुस्त असतात. वाढणाऱ्या जंतूंवर चालणारं औषध त्यांच्यावर फारसं चालत नाही. वरवरचे जंतू मरतात, ताप उतरतो, आतले तसेच राहतात. म्हणून रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे या जंतूवर चालणारं, असं लिहिलेलं औषध देऊनही पुढच्या वेळी तोच जंतू उगवतो. मोरीतला गाळ न उपसता वरून फिनाईल ओतत राहिलं तर वास चार दिवसच जातो, तसं हे आहे.

बेडक्याच्या रंगाबद्दलही इथेच सांगतो, कारण हिरवा रंग दिसला की घरचे घाबरतात. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो. आत दाह किती आहे हे त्यावरून कळतं. बाबांचा बेडका बरं असतानाही फिकट पिवळा-हिरवा राहत असेल, तर नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करू नका. नेहमीपेक्षा काय बदललं, ते पाहायचं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली पहिली गोष्ट. स्यूडोमोनास दोनदा आला म्हणता, पण दोन्ही रिपोर्टांच्या तारखा दिल्या नाहीत. त्यांच्यात तीन महिन्यांहून कमी अंतर असेल आणि त्याआधीच्या कल्चरमध्ये हा जंतू कधीच नसेल, तर तो नुकताच शिरला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी त्याला हुसकून लावायचा एक नेटाचा प्रयत्न मी नक्की करतो: दोन आठवडे त्याच्यावर चालणारी गोळी किंवा शिरेतून इंजेक्शनं, आणि पुढे साधारण तीन महिने नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक. याचा पुरावा फार भक्कम नाही, तरी युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही हाच सल्ला आहे, आणि काही रुग्णांत जंतू पुढे बराच काळ सापडत नाही. इंजेक्शनं सुचवणारे डॉक्टर कदाचित हाच विचार करत असतील. याउलट वर्षभरात तीन महिने किंवा जास्त अंतराने दोनदा हाच जंतू आला असेल, तर तो मुक्कामी आहे असं धरायचं. मग पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर. मात्र ‘जाणार नाही’ म्हणजे ‘काही करता येणार नाही’ असं नव्हे. माझे कित्येक रुग्ण हा जंतू बाळगून वर्षानुवर्षं शेती, नोकरी, नातवंडं सगळं सांभाळतात.

दुसरी गोष्ट एकेटीची. कृपा करून अंदाजाने सुरू करू नका. जुन्या टीबीचे डाग एक्स-रेवर आयुष्यभर राहतात. खोकला, बेडका, वजन घटणं, कधी बेडक्यात रक्त, हे सगळं ब्रॉन्किएक्टॅसिसमध्येही होतं. एवढ्यावरून दोन-तीनदा एकेटी घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. लिव्हरला त्रास झाला, खोकला होता तसाच. पण टीबी खरंच परत येऊ शकतो, म्हणून तपासणी मात्र नीट करा. बेडक्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि टीबीचं लिक्विड कल्चर (द्रवात जंतू वाढवून पाहणं), दोन्ही. आधी टीबी झालेल्या माणसात सीबीनॅट कधी कधी मेलेल्या जंतूंच्या डीएनएमुळेही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे कल्चर लागतंच, आणि त्याच्या अंतिम रिपोर्टला सहा आठवडे लागू शकतात. त्याच कल्चरमधून टीबीचे चुलतभाऊ असलेले इतर मायकोबॅक्टेरिया आहेत का तेही कळतं. ते पुढच्या एका औषधासाठी फार महत्त्वाचं आहे, त्याकडे येतो. याबरोबर रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि अ‍ॅस्परजिलस बुरशीविरुद्धचं आयजीई एकदा बघून घ्या. दम्याचा इतिहास असेल तर नक्कीच, कारण या बुरशीची अ‍ॅलर्जी आपल्याकडे बरीच आढळते आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे. डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांची, तपासणीही सांगतील.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते: कफ रोज बाहेर काढणं. चिठ्ठीवर हे शेवटच्या ओळीत ‘चेस्ट फिजिओ’ असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं, आणि घरी गेल्यावर कुणी करत नाही. माझ्या मते बाबांच्या उपचाराचा कणा हाच आहे. सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, रिकाम्या पोटी, पंधरा ते वीस मिनिटं. बरं असतानाही, आजारी असताना तर जास्तच.

पद्धत साधारण अशी. श्वासनलिका रुंद करणारा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो आधी घ्यायचा. मग खुर्चीत सैल बसून, खांदे ढिले सोडून, पोट हलेल असे पाच-सहा शांत श्वास. त्यानंतर तीन-चार खोल श्वास: नाकाने हळू भरून घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, आणि जोर न लावता सोडायचा. तो धरलेला श्वास महत्त्वाचा, कारण त्यानेच हवा कफाच्या मागे जाते. पुन्हा शांत श्वास. मग हफ: बाबांना चष्म्याच्या काचेवर तोंड उघडं ठेवून ‘हाऽऽ’ करत वाफ सोडायला सांगा, आणि तेच थोड्या जोराने, पोटातून करायला सांगा. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ, त्याने खोलवरचा कफ सरकतो. कफ वर आल्यासारखा वाटला की मोठा श्वास घेऊन आखूड, जोरदार हफ. मग एकदा खोकून थुंकायचं. हे चक्र छाती मोकळी वाटेपर्यंत पुन्हा करायचं. ठसका लागेपर्यंत खोकत राहू नका. त्याने नलिका मिटतात, माणूस दमतो आणि कफ आतच राहतो.

बाबांचा खराब भाग वरचा आहे, त्यामुळे ताठ बसून केलं तरी तो भाग बऱ्यापैकी रिकामा होतो. खालचा भाग खराब असलेल्या रुग्णांना कुशीवर झोपून करावं लागतं. डोकं खाली करून झोपवणं मात्र घरच्या घरी नको. आम्लपित्त वर येणाऱ्यांना, ब्लडप्रेशर वाढलेल्यांना आणि नुकतंच रक्त पडलेल्यांना ते त्रासदायक ठरतं. पाठीवर थापट्या मारणारं कुणी हवंच असंही नाही. फुंकल्यावर आत कंप निर्माण करणारी छोटी उपकरणं मिळतात, एकट्याने करणाऱ्याला ती फार सोयीची. एक-दोन वेळा चेस्ट फिजिओथेरपिस्टसमोर बसून हे शिकून घ्या. नुसतं वाचून हफ जमत नाही, बहुतेक जण नुसताच घसा खरवडतात.

वाफारा घेतल्याने बरं वाटत असेल तर घ्या, पण तो याला पर्याय नाही, आणि उकळत्या पातेल्याने भाजलेले वयस्कर रुग्णही पाहिले आहेत. कफ फारच चिकट असेल तर डॉक्टर तीव्र मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन सांगतात. काहींना त्याने कफ सहज सुटतो. त्याने आजारपणाच्या खेपा कमी होतील अशी हमी मी देत नाही, आणि पहिला डोस दवाखान्यातच द्यावा, कारण काहींची छाती आवळते. आणखी एक इशारा: डॉर्नेज अल्फा नावाचं कफ पातळ करणारं औषध सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात उपयोगी पडतं, पण बाबांसारख्या ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये त्याने नुकसान होतं हे १९९८ च्या चाचणीतच दिसलं होतं. परदेशातल्या कुणी सुचवलं तरी मागवू नका.

नेब्युलायझरची स्वच्छता हा वेगळा विषय वाटेल, पण नाही. स्यूडोमोनासला ओल आवडते: सिंक, नळाचं तोंड, ओला राहिलेला नेब्युलायझरचा कप. प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क किंवा माउथपीस साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा. उकळता येणारे भाग रोज पाच मिनिटं उकळा. आत साधं नळाचं किंवा माठाचं पाणी कधीच घालायचं नाही. पाण्याच्या बाटलीत नळीने फुंकायचा व्यायाम कुणी शिकवला असेल तर पाणी दर वेळी बदला आणि बाटली वाळवून ठेवा.

आता अँटिबायोटिक कधी, ते. खोकला, बेडक्याचं प्रमाण किंवा घट्टपणा, त्याचा रंग, धाप, थकवा, रक्त पडणं, यांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी दोन दिवसांहून अधिक काळ नेहमीपेक्षा बिघडल्या, तर आजार उसळला असं धरून डॉक्टरांना गाठा. औषधाची पहिली गोळी घेण्याआधी बेडक्याचा नमुना द्या. सकाळी, गुळण्या करून, खोल खोकून आलेला, थुंकी नको. दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, उशीर होणार असेल तर बर्फाच्या डब्यात. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारपर्यंत पिशवीत राहिलेल्या नमुन्यात जे उगवतं त्यावर माझा विश्वास नसतो. आणि कोर्स: स्यूडोमोनास असताना आम्ही साधारण १४ दिवस देतो. बाबांना दर वेळी पाच-सात दिवस मिळाले, हे खेपा लवकर परतण्याचं एक कारण असू शकतं.

स्यूडोमोनासवर तोंडाने घेता येणारी औषधं मोजकीच, मुख्यतः सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन. म्हणूनच ती मेडिकलमधून परस्पर घेऊन चार दिवस खाणं मला सगळ्यात जास्त टोचतं. याच गटातली औषधं टीबीच्या जंतूंवरही चालतात. आत टीबी असेल तर तो काही काळ झाकला जातो, निदान लांबतं आणि प्रतिकार वाढतो, आणि मल्टिड्रग-रेझिस्टंट (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या) टीबीच्या उपचारात हीच औषधं लागतात. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, कॅल्शियम किंवा अँटासिडबरोबर घेऊ नये, नीट शोषलं जात नाही. टाचेमागची शीर दुखू लागली तर थांबून डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर वरखाली होते, लक्ष ठेवा.

इंजेक्शनांना माझा विरोध नाही. गोळ्या लागू पडत नसतील, ऑक्सिजन घसरला असेल, ताप उतरत नसेल तर ती लागतातच. पण कल्चरमध्ये जंतू दिसला आणि माणूस नेहमीसारखाच हिंडतोय, अशा वेळी फक्त रिपोर्ट साफ करायला मेरोपेनेमसारखं जोरदार इंजेक्शन चढवणं मला मान्य नाही. जंतू परततो, आणि पुढच्या वेळी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा हाताशी काही उरत नाही.

नीट फिजिओ करूनही वर्षात तीन किंवा जास्त खेपा आल्या तर दीर्घकाळ चालणारे उपाय आहेत. एक, अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कमी प्रमाणात, आठवड्यातून तीन वेळा किंवा रोज, अनेक महिने. न्यूझीलंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या २०१२-१३ च्या तीन चाचण्यांमध्ये या गटातल्या औषधांनी खेपा स्पष्टपणे कमी झाल्या, आणि पुढे ती माहिती एकत्र तपासली तेव्हा स्यूडोमोनास असलेल्यांनाही फायदा दिसला. गंमत अशी की हे औषध स्यूडोमोनासला थेट मारत नाही. दाह कमी करणं हा त्याचा मोठा भाग आहे. मात्र सुरू करण्याआधी ईसीजी, ऐकू येण्याची चौकशी, आणि मघाशी सांगितलेलं मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवंच. ते जंतू आत असताना एकटं अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं तर त्यांच्यावरचं मुख्य शस्त्र बोथट होतं. दुसरा उपाय, कोलिस्टिन किंवा टोब्रामायसिन नेब्युलायझरमधून. औषध थेट जागेवर जातं, शरीरावर परिणाम कमी. पण खर्च बराच, वेळ लागतो, आणि पहिला डोस डॉक्टरांसमोर. क्रम लक्षात ठेवा: आधी पंप, मग कफ काढणं, आणि शेवटी नेब्युलायझरमधलं अँटिबायोटिक. उलट केलं तर महागडं औषध कफाबरोबर थुंकलं जातं. दाहावर थेट काम करणाऱ्या ब्रेन्सोकॅटिब नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली आहे. दिशा आशादायक आहे, पण तिची वाट पाहत आजचे उपाय लांबवू नका.

बाबांच्या पंपात स्टेरॉइड आहे का, तेही विचारा. दमा किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी नसताना अनेकांना तो सवयीने दिला जातो आणि त्याने छातीतला संसर्ग वाढू शकतो. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकलची लस, ताटात डाळ-अंडी-दूध, आणि रोजचं चालणं, यावर वाद नाही.

मुलाबद्दल: निरोगी मुलाला बाबांच्या स्यूडोमोनासपासून घाबरण्याचं कारण नाही. हा जंतू पाण्यात-मातीत सगळीकडे असतो आणि धडधाकट फुप्फुसात टिकत नाही. टीबीचा तपास पूर्ण होईपर्यंत मात्र बाबांनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा, घरात वारा खेळता ठेवावा. टीबी नसल्याचं कळलं की वेगळं ताट, वेगळी खोली असलं काही करू नका. फक्त सिस्टिक फायब्रोसिस किंवा ब्रॉन्किएक्टॅसिस असलेला दुसरा रुग्ण घरी येत असेल तर अंतर राखा.

पुढच्या भेटीला सगळे जुने कल्चर रिपोर्ट तारखांप्रमाणे लावून, सीटीची सीडी, आणि गेल्या वर्षभरात कोणतं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं त्याची यादी न्या. तारखा कळल्या की इथे लिहा, मग तो जंतू नवा की मुक्कामी हे जास्त नेमकं सांगता येईल. आणि एका बाबतीत भेटीची वाट पाहू नका: बेडक्यात रेषेपुरतं रक्त दिसलं तर फिजिओ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पण कपभर किंवा पुन्हा पुन्हा लाल रक्त पडू लागलं, ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य तुटू लागलं किंवा गुंगी वाटली, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या, जिथे रक्तस्राव करणारी धमनी आतून बंद करण्याची सोय आहे. रक्त पडत असेल तर नेताना बाबांना उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे ते डाव्या, चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही.